ओर्मिगोन की कोंक्रेतो?

मेक्सिको सिटीच्या पूर्वेला, इस्तापालापात, दोन खोल्यांच्या एका घरावर आज स्लॅब पडतो आहे. ‘कोलादो’ म्हणतात त्याला इथे. जूनचं आभाळ, दुपारचा पाऊस ठरलेला. भरणं मध्येच थांबलं तर स्लॅबला जोड राहणार. म्हणून मालकाचे भाचे-पुतणेही हाताशी आलेत. घमेली नाहीत. एकोणीस लिटरचे डबे खांद्यावर घेऊन पोरं शिडी चढताहेत. भिंतीवरच्या लाकडी क्रुसाला अजून रंगीत कागदी फुलं आहेत, ३ मेची. त्या दिवशी मेक्सिकोतले गवंडी बांधकामावर क्रूस लावून सण करतात.

माझ्या शेजारी वालेन्सियाहून आलेली आर्किटेक्ट उभी आहे. मायबोली स्पॅनिश, तरीही ती अडखळते आहे.

“ओर्मिगोनमध्ये पाणी जास्त झालंय,” ती म्हणते.

माएस्त्रो मान वर करतो. (आपला मिस्त्री पोर्तुगीज ‘मेस्त्रे’वरून आलेला, म्हणजे हा त्याचा चुलतभाऊच.) “कोंक्रेतोमध्ये, आर्की?” तो अदबीने विचारतो. काँक्रीट म्हणजे तिच्याकडे ओर्मिगोन, इथे कोंक्रेतो. डबेवाल्या पोराला मात्र तिच्या शब्दात ‘ओर्मिगा’, म्हणजे मुंगी ऐकू आली आहे. ओर्मिगोन म्हणजे मोठा मुंगळा का, म्हणून तो फिदीफिदी हसतो. बदाम, पावाचा चुरा आणि मध यांच्या ‘ओर्मिगोस’ नावाच्या गोड पदार्थाशी या शब्दाचं नातं आहे, असं ती त्याला सांगू लागते, पण तो कधीच शिडीवर गेलेला असतो. बरं आहे, हे पेरू नाही. तिथे ओर्मिगोन मागवलं तर दारात नुसती वाळू-खडी येऊन पडते, सिमेंटशिवाय.

मिक्सरमध्ये पुढचं पोतं रिकामं होतं. एका पोत्याला वाळू-खडीचे किती डबे, हे माएस्त्रोला तोंडपाठ आहे. कागद कुठेच नाही. माल ढवळता ढवळताच तो मालकाला सांगतो, “सोमवारी दोन हजार ताबीके लागतील.”

आर्किटेक्टचे डोळे विस्फारतात. स्पेनमध्ये ताबीके म्हणजे खोलीतली आडभिंत. दोन खोल्यांच्या घरात दोन हजार आडभिंती! इथे मात्र ती साधी वीट. तिच्या तोंडातली ‘लाद्रियो’. मग कोपऱ्यातले ‘कास्तियो’ निघतात. तिच्या लेखी ते किल्ले. माएस्त्रोच्या लेखी विटांची भिंत आवळून धरणारे सळयांचे बारीक खांब. सळई तो ‘तीनची’ मागतो, म्हणजे तीन अष्टमांश इंच. तिच्या ड्रॉइंगवर मिलिमीटर आहेत.

ती खाली वाकते, कडेला सांडलेला माल सारखा करायला हात पुढे करते. “पालेता द्या जरा.”

आता सगळेच हसतात. पालेता म्हणजे इथे काडीवरचं आइसफ्रूट. थापीला ‘कुचारा’, चमचा, म्हणतात. आणि शिकाऊ गवंडी असतो ‘मेदिया कुचारा’, अर्धा चमचा. तसा एक अर्धा चमचा तिला आपली थापी देतो.

दीडच्या सुमाराला शेवटचा डबा रिकामा होतो. खांबांच्या सळया स्लॅबवर हातभर उघड्या राहिल्यात. “गंजतील, कापा,” ती सांगते. मालकीणबाई ठाम नकार देतात. ‘वारियास दे ला एस्पेरान्सा’, आशेच्या सळया! वरचा मजला मुलीसाठी चढवायचा आहे. पैसे आले की. माएस्त्रो एकेका टोकावर रिकामी बाटली उपडी घालतो. खालून कार्नितास, म्हणजे चरबीत शिजवलेलं डुकराचं मांस, तयार असल्याची हाक येते, आणि थापी तिथेच टाकून पोरं शिडीकडे धावतात.