हौशी रेडिओचा मोटारीतला संच कसा पारखावा?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ज्ञानेश्वर माउलींची पालखी दिवे घाट चढत होती. घाटाच्या वळणावळणांवर प्रथमोपचाराची पथके बसली होती आणि त्यांच्यात निरोप पोचवण्याचे काम आम्हा सात-आठ हौशी रेडिओचालकांकडे होते. त्या दिवशी घाटात मोबाइल फोन लागेल याचा भरवसा नसतो. दुपारी एका वृद्ध वारकरी बाईंना भोवळ आली आणि खालच्या वळणावरची रुग्णवाहिका वर बोलवायची होती. मी जीपमधल्या संचाचे बोलायचे बटण दाबले आणि संच विझला. बटण सोडले की पुन्हा जिवंत. दाबले की बंद. शेवटी एक विद्यार्थी गर्दीतून वाट काढत पळत खाली गेला. बाई पुढे सावरल्या, पण ती दहा-बारा मिनिटे मी विसरलेले नाही. संच नवा होता, महाग होता आणि तो निवडला होता मीच, माहितीपत्रकावरचा वॉटचा आकडा बघून. कंपनीचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण निम्मा दोष तिचा नव्हताच. तो कोणाचा होता हे पुढे येईलच.

शाळा-महाविद्यालयांत हौशी रेडिओचे मंडळ सुरू करण्याची इच्छा असलेले शिक्षक हमखास विचारतात, ‘कोणता संच घ्यावा?’ (केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना मिळवणे ही त्याआधीची पायरी. तिच्याविषयी पुन्हा कधीतरी.) बहुतेकांच्या मनात असतो तो ‘दोन मीटर’ पट्ट्यावरचा मोटारीत बसवायचा एफएम संच. भारतात हा पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ असा आहे. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३०,००,००,००० मीटर, त्याला १४५० लाखांनी भागले की तरंगलांबी येते सुमारे २.०७ मीटर. पाव तरंगलांबीची काडी म्हणजे जेमतेम अर्धा मीटर, ती टपावर सहज मावते. या पट्ट्याची सोय आहे ती यातच.

आता वॉटकडे वळू. याएसू कंपनीचा एफटी-२९०० हा एके काळी बऱ्याच जणांच्या गाडीत दिसणारा, आता उत्पादनातून गेलेला संच उदाहरणादाखल घेऊ. त्याची प्रक्षेपण शक्ती ७५ वॉट होती. शेजारच्या कपाटात २५ वॉटचा संच असेल तर गिऱ्हाईक साहजिकच म्हणते, हा तिप्पट लांब जाईल. तसे होत नाही. तिप्पट शक्ती म्हणजे ४.८ डेसिबल. ऐकणाऱ्याच्या संचावरच्या एस-मीटरचे एक घर प्रमाणानुसार ६ डेसिबलचे असते. म्हणजे तिप्पट वॉटनी समोरच्याचा काटा एक घरसुद्धा पुरता सरकत नाही.

व्हीएचएफ लहरी बहुतांशी नजरेच्या रेषेत जातात, वातावरणात त्या थोड्या वाकतात एवढेच. अँटेनाची उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला ४.१२ ने गुणले की रेडिओ-क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. दोन्ही जीपवर जमिनीपासून २ मीटर उंचीवर अँटेना असतील तर दोघांची बेरीज सुमारे १२ किलोमीटर होते. यांतली एक जीप सिंहगडाच्या माथ्यावर, म्हणजे पुण्याच्या पातळीपासून साधारण ७५० मीटर वर नेली, तर तेच अंतर १२० किलोमीटरच्या आसपास जाते. अर्थात मध्ये दुसरा डोंगर नसेल तर. विद्यार्थ्यांकडून हे गणित फळ्यावर करून घ्यावे. वॉटचे वेड लगेच ओसरते.

जास्तीचे वॉट फुकटही येत नाहीत. एफटी-२९०० ला पूर्ण शक्तीने बोलताना १३.८ व्होल्टवर सुमारे १५ अँपिअर प्रवाह लागे, म्हणजे २०७ वॉट. त्यांतले ७५ अँटेनाकडे गेले, उरलेल्या १३२ वॉटची उष्णता झाली. ६० वॉटचे दोन जुने दिवे पेटीत कोंडल्यासारखे हे आहे. त्या संचाला पंखा नव्हता. सबंध पाठ म्हणजे धातूच्या पट्ट्यांचा एक मोठा उष्णताशोषक होता. रचना म्हणून मला ती आवडते, कारण धुळीने पंखा अडकण्याचा प्रश्नच नाही. पण असा संच सीटखाली गोणपाटाच्या शेजारी कोंबणाऱ्यांचे काय करावे!

आता दिवे घाटातल्या जीपकडे. पालखीनंतर दुसऱ्या दिवशी आम्ही साधा बहुमापी घेऊन बसलो. बोलताना बॅटरीच्या टोकांवर १२.१ व्होल्ट होते. इंजिन बंद, दिवसभर वापर, त्यामुळे ते साहजिक होते. संचाच्या टोकांवर मात्र १०.९ व्होल्ट! मधले १.२ व्होल्ट वाटेतच खर्च झाले होते. तार २.५ चौरस मिलिमीटर जाडीची, बॅटरीपासून संचापर्यंत ४ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ८ मीटर. एवढ्या तांब्याचा रोध सुमारे ०.०५५ ओहम. संच १३ अँपिअर ओढत होता, तेव्हा तारेतच ०.७ व्होल्ट गेले. उरलेले अर्धा व्होल्ट खाणारा फ्यूजचा गंजका सांधा होता. बहुतेक मोटार-संच १३.८ व्होल्टच्या १५ टक्के खाली-वर चालतील असे बनवलेले असतात, म्हणजे खालची मर्यादा ११.७ व्होल्ट. तिच्याखाली गेल्यावर आमच्या संचाने आत्मरक्षणार्थ मान टाकली, आणि त्यात त्याची चूक नव्हती. संच वर्गातल्या टेबलावर स्थिर वीजपुरवठ्यावर तपासला तेव्हा तो उत्तमच चालला होता. ज्या तारेवर तो प्रत्यक्ष चालणार होता, ती कोणी तपासलीच नव्हती. आता ६ चौरस मिलिमीटरची तार थेट बॅटरीला जोडली आहे. तीत ०.३ व्होल्ट पडतात. तरीही इंजिन बंद असताना आम्ही शक्ती २५ वॉटवर ठेवतो.

आता ग्राही, म्हणजे ऐकणारा भाग. माझ्या मते संचाची खरी परीक्षा इथेच होते. माहितीपत्रकात ‘संवेदनशीलता ०.२ मायक्रोव्होल्ट, १२ डेसिबल सिनॅड’ असे लिहिलेले असते. सिनॅड ही अशी मोजतात: संकेत-जनित्रातून १ किलोहर्ट्झचा सूर घातलेला क्षीण संकेत संचाला द्यायचा. संचाच्या आवाजात तो सूर, खरखर आणि विकृती असे सगळे मिळून येते. मग गाळणीने सूर काढून टाकायचा आणि मागे काय उरले ते मोजायचे. एकूण आवाजाचा व्होल्टेज उरलेल्या कचऱ्याच्या चौपट असला की १२ डेसिबल सिनॅड झाली. तेवढ्यावर बोलणे कळते, जरा कान देऊन ऐकावे लागते.

५० ओहमवर ०.२ मायक्रोव्होल्ट म्हणजे किती शक्ती? व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. उत्तर येते ०.८ फेम्टोवॉट. एक वॉटचे दहा लाख भाग करा, त्यांतल्या एकाचे पुन्हा दहा लाख, त्यांतल्या एकाचे हजार, तेव्हा एक फेम्टोवॉट मिळतो. समोरच्याने सोडलेले ७५ वॉट आणि आपल्याला पुरणारी ही शक्ती यांचे गुणोत्तर एकावर जवळपास सतरा शून्ये इतके आहे. आणि निसर्गाने घातलेली मर्यादाही फार लांब नाही. नेहमीच्या तापमानाला १५ किलोहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात केवळ इलेक्ट्रॉनांच्या उष्णताजन्य हालचालीने ०.०६ फेम्टोवॉटची खरखर असतेच. तीही बोल्ट्झमनचा स्थिरांक, केल्व्हिन तापमान आणि पट्ट्याची रुंदी यांच्या गुणाकारातून मिळते. म्हणजे साधा संचसुद्धा या मर्यादेच्या तेरापटींवर काम करतो. त्यामुळे एकाचे ०.२ आणि दुसऱ्याचे ०.१६ यात पैसे घालवू नयेत. फरक जेमतेम २ डेसिबलचा, आणि शहरात स्कूटरच्या ठिणग्या, एलईडी दिव्यांचे पुरवठे यांची खरखरच त्याहून मोठी असते.

ज्या गुणावर पैसे घालवावेत, तो माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर सहसा नसतो. शेजारी कोणी ओरडत असताना कुजबूज ऐकू येण्याचा हा गुण. डोंगरमाथ्यावर आपल्या अँटेनाला एकाच वेळी अनेक प्रक्षेपकांचे जोरदार संकेत मिळतात. ग्राहीचा पहिला प्रवर्धक त्यांनी भारावला की तो सरळ रेषेत वागत नाही आणि दोन कंप्रतांच्या मिश्रणातून तिसरीच तयार करतो. यांतली सर्वांत त्रासदायक म्हणजे पहिलीची दुप्पट वजा दुसरी. अमेरिकेत १९९०च्या दशकात पेजरचे जोरदार प्रक्षेपक १५२.२४ आणि १५८.७० मेगाहर्ट्झवर चालत. करून पाहा: १५२.२४ ची दुप्पट ३०४.४८, वजा १५८.७०, उत्तर १४५.७८! बरोबर दोन मीटरच्या पट्ट्यात. तिथे कोणीही बोलत नव्हते, पण शहरातून जाताना संच पेजरची टिवटिव ऐकवत असे. ते भूत हवेत नव्हते, पेटीतच जन्मत होते.

ते ओळखायची युक्ती सुंदर आहे. हे मिश्रण संकेताच्या तिसऱ्या घातातून येते. म्हणून अँटेना आणि संच यांच्यामध्ये १० डेसिबलचा क्षीणकारक घातला तर खरा संकेत १० डेसिबल घटतो, आणि पेटीत जन्मलेले भूत ३०! क्षीणकारक नसेल तर लहानशी रबरी अँटेना लावून पाहावी. खरा संकेत थोडा दुबळा होईल, भूत नाहीसेच होईल. विद्यार्थ्यांना हा प्रयोग दाखवला की त्यांना घातांक म्हणजे काय ते कायमचे कळते. आमचा संच या परीक्षेत मात्र खरोखर नापास झाला. मोबाइलच्या मनोऱ्यांखाली जीप उभी केली की तो बहिरा व्हायचा, आणि यात तारेला दोष देता येत नव्हता.

अमेरिकन रेडिओ रिले लीगच्या ‘क्यूएसटी’ मासिकात अशा संचांची परीक्षणे येतात. लीग संच सामान्य गिऱ्हाइकासारखा बाजारातून विकत घेते, कंपनीने निवडून पाठवलेला नमुना घेत नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. तिथल्या तक्त्यात मी आधी बघते ती या मिश्रणाबाबतची ओळ. त्यात दोन आकडे असतात, एक हस्तक्षेपी संकेत २० किलोहर्ट्झ दूर असतानाचा आणि एक १० मेगाहर्ट्झ दूर असतानाचा. दुसरा आकडा कमी असेल तर तो संच मनोऱ्यांच्या गावात नेऊ नये.

बाकीच्या गोष्टी झटपट. कंप्रता दशलक्षात ५ ने चुकली तर १४५ मेगाहर्ट्झवर ती ७२५ हर्ट्झ होते. एफएमच्या ५ किलोहर्ट्झ विचलनापुढे ते चालते. अनावश्यक उत्सर्जन मुख्य संकेताच्या ६० डेसिबल खाली असावे, म्हणजे ५० वॉटच्या संचाकडून ५० मायक्रोवॉट. हे मोजायला वर्णपट-विश्लेषक लागतो. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात विनंती करावी. स्मृतिस्थाने शंभर की दोनशे, याला माझ्या लेखी महत्त्व नाही. केबलला आहे: आरजी-५८ जातीच्या १० मीटर केबलमध्ये या कंप्रतेला २ डेसिबल, म्हणजे शक्तीचा सदतीस टक्के भाग नाहीसा होतो.

जुना संच घेताना मी ५० ओहमचा कृत्रिम भार, बहुमापी आणि घड्याळ बरोबर नेते. पूर्ण शक्तीवर बटण दाबून पाच मिनिटे धरायचे. शक्ती किती घसरते, पाठ हाताला किती सोसते, व्होल्ट किती उतरतात ते दर मिनिटाला लिहायचे. विकणारा कुरकुरला तर त्याला चहा पाजावा, पण पाच मिनिटे पुरी करावीत.