शिंपल्यांतील जीवविषांचे निदान : मूषक चाचणी व रासायनिक पृथक्करण

प्रस्तावना :
तिसऱ्या, कालवे यांसारखे द्विपुट मृदुकाय प्राणी समुद्राचे पाणी गाळून त्यातील सूक्ष्म शैवालांवर जगतात. काही शैवाले जीवविषे निर्माण करतात व ती या प्राण्यांच्या मांसात साठतात. विषारी शिंपला रूपावरून वा चवीवरून ओळखता येत नाही. शिजविल्यानेही या विषांपासून संरक्षण मिळत नाही. म्हणून प्रयोगशाळेतील तपासणीला महत्त्व आहे.

मूषक चाचणी :
या चाचणीत शिंपल्याच्या मांसाचा १ मिलिलिटर आम्लयुक्त अर्क सुमारे २० ग्रॅम वजनाच्या उंदराच्या उदरपोकळीत टोचतात. उंदीर मरण्यास लागलेल्या वेळावरून पक्षाघातकारक सॅक्सिटॉक्सिन गटाच्या विषाचे प्रमाण ठरविले जाते. चाचणी विषाचा परिणाम दाखविते. घटक कोणता, हे सांगत नाही.

१९८७ च्या अखेरीस कॅनडातील प्रिन्स एडवर्ड बेटावरचे संवर्धित शिंपले खाऊन शंभराहून अधिक लोक आजारी पडले. तिघांचा मृत्यू झाला, तर काहींची स्मरणशक्ती कायमची क्षीण झाली. अर्क टोचलेले उंदीर पक्षाघाताच्या परिचित लक्षणांऐवजी मागील पायाने खांदा खाजवू लागले. त्यामुळे विष वेगळे असल्याचे लक्षात आले. हॅलिफॅक्स येथील संशोधकांनी अर्काचे घटक वेगळे करून ते उंदरांवर तपासले व काही दिवसांतच डोमोइक आम्ल हे विष निश्चित केले.

रासायनिक पद्धती :
डोमोइक आम्लाची मान्य मर्यादा १ किलोग्रॅम मांसात २० मिलिग्रॅम आहे. मूषक चाचणीत मात्र ते सुमारे ४० मिलिग्रॅमच्या खाली आढळत नाही. म्हणून उच्चक्षमता द्रव क्रोमॅटोग्राफी वापरतात. तीत अर्कातील घटक स्तंभातून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. डोमोइक आम्ल २४२ नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण शोषते. त्यावरून ते मोजले जाते. सॅक्सिटॉक्सिनचे मात्र प्रथम ऑक्सिडीकरण करून त्यास प्रतिदीप्त बनवावे लागते. मेदद्राव्य विषांसाठी क्रोमॅटोग्राफीस वस्तुमान वर्णपटमितीची जोड देतात.

या पद्धती अचूक आहेत. परंतु ज्या विषाचे प्रमाणद्रव्य उपलब्ध आहे, त्याचेच मापन त्या खात्रीने करतात. अज्ञात विष त्यांच्या नजरेतून निसटू शकते.

निष्कर्ष :
प्राण्यांच्या यातना व अपुरी संवेदनशीलता पाहता नित्य तपासणीसाठी रासायनिक पद्धतीच योग्य होत. युरोपीय संघाने २०११ मध्ये मेदद्राव्य विषांसाठी तसा बदल केला; तथापि नव्या विषांच्या शोधासाठी नियतकालिक जैविक चाचणीची मुभाही ठेवली. १९८७ चा अनुभव लक्षात घेता ही मुभा सयुक्तिक ठरते.