हार्पसिकॉर्डवरचा मुलगा

न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर वर्ल्ड युनायटेड नावाचा एक छोटा स्टुडिओ होता. तो चालवणारे हॅरी लुकॉफ्स्की पेशानं व्हायोलिनवादक. तोस्कानिनीच्या वाद्यवृंदात वाजवलेले, आणि १९५९ मध्ये 'स्ट्रिंग्जव्हिल' या रेकॉर्डवर व्हायोलिनमधून बीबॉप काढून जॅझवाल्यांनाही चाट पाडलेले. त्यांचा मुलगा मायकेल तिथंच पडेल ते काम करायचा आणि स्टुडिओ रिकामा असेल तेव्हा पियानोवर बसायचा. पुढं त्यानं मायकेल ब्राउन असं नाव लावलं.

१९६५ मध्ये स्टुडिओत घुटमळणाऱ्या पोरांशी त्याचं जमलं. स्टीव्ह मार्टिन गायचा, टॉम फिन बास वाजवायचा, जॉर्ज कॅमेरॉन ड्रम. बँडचं नाव 'द लेफ्ट बँक'. फिनची मैत्रीण होती रेने, आणि मायकेल तिच्यावर भाळला. मित्राची मैत्रीण, त्यात स्वतःचं वय सोळा. बोलायची सोय नव्हती. त्यानं गाणी केली.

'वॉक अवे रेने'च्या रेकॉर्डिंगला ती नेमकी काचेपलीकडे येऊन बसली. मायकेलचे हात असे थरथरायला लागले की हार्पसिकॉर्डवर बोटं ठरेनात. शेवटी ती निघून गेल्यावर त्यानं आपला भाग पुन्हा येऊन वाजवला.

हार्पसिकॉर्ड हे पियानोच्या आधीचं, बाखच्या काळातलं वाद्य. पियानोत हातोडी तारेवर आपटते, इथं तार छेडली जाते. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज जवळपास तेवढाच. म्हणजे भावना ओतायला हे वाद्य तसं कंजूष. तरी या गाण्यात ते बसलं, कारण गाणाऱ्याला नेमकं तेच करायचं होतं: मनातलं चेहऱ्यावर दिसू द्यायचं नव्हतं. खाली व्हायोलिनं, मधे बासरी, आणि मार्टिनचा रडवेला न होणारा आवाज. रॉकवाल्यांनी या मिश्रणाला पुढं 'बरोक पॉप' म्हटलं. १९६६ च्या शरदात अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत गाणं पाचव्या क्रमांकावर गेलं.

पाठोपाठ 'प्रिटी बॅलेरिना' आलं. माझ्या मते ते जास्त मोलाचं. २५ एप्रिल १९६७ च्या रात्री वाद्यवृंद-संचालक लिओनार्ड बर्नस्टाइन यांनी दूरचित्रवाणीवर तरुणांच्या संगीताची जाहीर बाजू घेतली, तेव्हा पियानोवर बसून दाखवलेल्या गाण्यांत हे होतं. लिडियन आणि मिक्सोलिडियन या दोन स्वरसप्तकांची सरमिसळ त्यांनी त्यात दाखवली. आपल्या भाषेत सांगायचं तर तीव्र मध्यम आणि कोमल निषाद, बाकी सगळे स्वर शुद्ध. घरात पेटी असेल तर वाजवून बघा. कर्नाटक संगीतातल्या वाचस्पतीचे हेच स्वर. मायकेलला त्याचा पत्ता असण्याचं कारण नाही. त्या रात्री तो अठरा वर्षांचा झाला. वाढदिवसच होता त्याचा.

आणि एव्हाना बँड मोडला होता! मायकेलला दौरे नकोसे होते. त्याचा जीव स्टुडिओत. वडीलच निर्माते, त्यांचाच कारभार, त्यामुळे बाकीच्यांच्या मनात अढी होतीच. १९६७ च्या सुरुवातीला मायकेलनं बर्ट सोमर या दुसऱ्या गायकाला घेऊन 'आयव्ही, आयव्ही' रेकॉर्ड केलं आणि ते 'लेफ्ट बँक'च्याच नावावर बाजारात आणलं. इतर तिघांनी वकील गाठला. एकाच नावाचे दोन बँड म्हटल्यावर रेडिओवाल्यांनी भानगड नको म्हणून हात आखडता घेतला. त्याच वर्षी समेट झाला, 'डेझिरे' हे भरजरी गाणं झालं, पण ते कसंबसं शंभरात शिरलं. मायकेल गेला तो गेलाच. उरलेल्यांनी १९६८ मध्ये दुसरा अल्बम काढला; त्यात चांगली गाणी आहेत, पण कुणी फारसं ऐकलं नाही.

पुढं मायकेलची ही सवयच झाली. माँताज नावाच्या बँडसाठी एक अल्बम. मग स्टोरीज. तिथून तो बाहेर पडला आणि १९७३ मध्ये त्याच बँडचं 'ब्रदर लुई' पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं. गाणं त्याचं नव्हतंच, हॉट चॉकलेट या ब्रिटिश बँडचं होतं. मग १९७६ मध्ये बेकीज, एक अल्बम, संपलं. 'वॉक अवे रेने' मात्र हिंडत राहिलं. फोर टॉप्सनी ते असं काही दणक्यात गायलं की ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर पोचलं, आणि पुष्कळांना ते त्यांचंच वाटतं.

१९ मार्च २०१५ ला मायकेल ब्राउन हृदयविकारानं गेला, वय पासष्ट. कॅमेरॉन २०१८ मध्ये गेला; मार्टिन आणि फिन दोघंही २०२० मध्ये. हॅरी तर त्याआधीच, १९९८ मध्ये. 'वॉक अवे रेने' आज हेडफोन लावून ऐकलं की गाण्याखाली वडिलांचा गज ऐकू येतो, आणि त्याच्या शेजारी मुलाची बोटं, रेने निघून गेल्यानंतरची.