घरदुरुस्तीचे अंदाजपत्रक

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी म्हण आपल्याकडे आहे. जुने घर दुरुस्त करण्याविषयी मात्र म्हणकर्त्याने मौन पाळले आहे. वास्तविक दुरुस्तीचाच हिशेब अधिक अवघड. नव्या घराला काय लागणार ते कागदावर मांडता येते. जुन्यात ते कौलांखाली आणि गिलाव्यामागे दडलेले असते.

२०१९ साली, मी सातवीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात, सातारा जिल्ह्यातील आमच्या घराच्या माजघराचे छप्पर उतरवले. गवंड्याने उभ्याउभ्याच वर पाहिले व म्हणाला, ‘‘होतंय की आप्पा, ऐंशी हजारात.’’ वडिलांनी तो आकडा मनात धरला. कागदावर काहीच नाही. कौले खाली आली तेव्हा आढे वाळवीने पोखरलेले निघाले. नव्या लाकडात आणि सुताराच्या मजुरीत पैसे संपले, गवंडी दुसऱ्या कामावर गेला. मृग निघाला तेव्हा आमच्या डोक्यावर ताडपत्री होती. धान्याची पोती चुलत्यांच्या घरी, आणि आई रात्रभर गळतीखाली भांडी मांडीत बसलेली. शेवटी दुभती म्हैस विकून छप्पर पुरे झाले.

म्हणून २०२५ च्या फेब्रुवारीत मागच्या खोलीचे काम निघाले तेव्हा वही मी हाती घेतली. पहिले काम पैशाचे नव्हते, पाहण्याचे होते. आढ्याजवळची चार कौले काढून कोयत्याच्या टोकाने वासे टोचून पाहिले. दोन वासे मऊ लागले. ते तेव्हाच खर्चात धरले. कौलांवर बोटाच्या पेराने टिचकी मारली की धड कौल खणखणते, तडकलेले बद्द वाजते. खणखणणारी मोजून बाजूला रचली, तेव्हा नवी कौले गवंड्याने सांगितली होती त्याहून पुष्कळच कमी लागली.

दुसरी गोष्ट मोजमापाची. खोली १२ बाय १० फूट, म्हणजे १२० चौरस फूट. पुष्कळ जण गिलाव्यालाही हाच आकडा धरतात आणि फसतात. गिलावा भिंतींना होतो. खोलीचा घेर ४४ फूट, उंची ९ फूट, गुणाकार ३९६. दार-खिडकीचे ३० वजा करता ३६६ चौरस फूट, म्हणजे जमिनीच्या तिप्पट! अर्धा इंच जाडीच्या गिलाव्याला १०० चौरस फुटांस सुमारे ४ घनफूट ओला माल लागतो. सुका माल तिसऱ्या हिश्शाने जास्त, म्हणजे साडेपाच घनफूट धरावा. एकास पाच प्रमाण ठेवले तर त्यात सिमेंट सुमारे ०.९ घनफूट. ५० किलोचे पोते सुमारे सव्वा घनफूट भरते. तेव्हा आमच्या भिंतींना पावणेतीन पोती. विटांची जुनी भिंत सरळ नसते म्हणून ४ धरली. वाळू मात्र सतराएक घनफूटच लागणार, आणि ट्रॉलीवाला १ ब्रास, म्हणजे १०० घनफूट, टाकायला तयार! चुलत्यांचे काम चालू होते, त्यांच्याशी वाटून घेतली.

दराशेजारी तारीख लिहावी. गिलावा आम्ही दिवाळीनंतर केला. दरम्यान २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला होता आणि फेब्रुवारीत लिहिलेला दर निरुपयोगी ठरला. काम उक्ते द्यायचे असेल तर मालासकट की नुसत्या मजुरीवर, हे आधी बोलून घ्यावे. उचल कामाच्या टप्प्याने द्यावी. सगळी उचल दिलेला गवंडी पुन्हा लवकर दिसत नाही, हे आम्ही अनुभवाने शिकलो.

आता न दिसणाऱ्या खर्चाविषयी. अर्थशास्त्राच्या तासाला आम्ही शिकलो की भारत सरकारही अशा खर्चासाठी घटनेच्या २६७ व्या कलमान्वये आकस्मिकता निधी ठेवते; २०२१ साली तो ५०० कोटींवरून ३०,००० कोटी करण्यात आला. सरकारला जे लागते ते आमच्या आप्पांना का लागू नये? धड घराला एकूण खर्चाचा दहावा हिस्सा पुरेल, पण लाकडी छपराला पाचवा बाजूला काढावा असे माझे मत आहे. आमचा निधी आईच्या ट्रंकेत होता, आणि त्यातून पैसे काढणे संसदेपेक्षा कठीण होते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काय अर्धे राहिले तरी चालेल, हे आधीच ठरवावे. गिलावा थांबू शकतो, रंग थांबू शकतो. उघडे छप्पर थांबू शकत नाही. म्हणून छपराचे सगळे पैसे हाती आल्याशिवाय एकही कौल उतरवायचे नाही, असे घरात ठरले. आप्पा थोडे रागावले, पण थांबले. त्या वर्षी मान्सून २६ मे रोजीच मुंबईत येऊन थडकला आणि आमच्याकडेही मे महिन्यातच पाऊस कोसळला. आमची कौले एप्रिलमध्ये बसली होती.

वहीतले जमिनीचे पान अजून अर्धे कोरे आहे. आईला शहाबादी फरशी हवी, आप्पांना कोबा. दोन्हींचे दर तारखेसह लिहून ठेवले आहेत.