फ्रीजखाली पाणी : गॅस गेला की नळी तुंबली?

गेल्या पावसाळ्यात दुकानात जागा नव्हती म्हणून साड्यांचे दोन गठ्ठे आम्ही घरी, फ्रीजशेजारी ठेवले. सकाळी पाहतो तर फरशीवर पाणी आणि खालच्या साड्यांचे रंग एकमेकींना लागलेले. मेकॅनिक आला व दार न उघडताच म्हणाला, "गॅस गेला, अडीच हजार लागतील." आम्ही पैसे मोजणारच होतो, पण आत पाहिले तर दूध गार, बर्फ दगडासारखा. गॅस गेला तर गारवा जातो. गारवा शाबूत असून पाणी येत असेल, तर दोष बहुधा पाण्याच्या वाटेत असतो.

ही वाट समजून घ्यावी. दार उघडले की हवेतली वाफ आत जाते आणि फ्रीझरच्या गार नळ्यांवर बर्फ होऊन बसते. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये ठराविक वेळाने हीटर तो बर्फ वितळवतो. पाणी छिद्रातून, नळीने मागे काँप्रेसरजवळच्या ट्रेमध्ये उतरते व तिथल्या उष्णतेने उडून जाते. छिद्रात कचरा अडकला वा बर्फ जमला, की तेच पाणी उलटून फरशीवर.

इलाज करण्याआधी प्लग काढावा, तोही ओल्या फरशीवर उभे राहून नव्हे. सामान काढून दार रात्रभर उघडे ठेवावे. छिद्र दिसत असेल तर बिनसुईच्या सिरिंजने कोमट पाणी सोडावे. ते मागच्या ट्रेमध्ये आले म्हणजे वाट मोकळी झाली. छिद्र फ्रीझरच्या कव्हरमागे असेल तर कारागीर बोलवावा, पण काम आपण सांगावे : नळी साफ करा.

सुरीने बर्फ मुळीच खरवडू नये. साध्या एकदारी फ्रीजमध्ये फ्रीझरच्या पत्र्यातूनच गॅस फिरतो. भोक पडले तर अडीच हजारांचे बिल खरे होईल. शिवाय आजच्या पुष्कळ फ्रीजमधला आर-६००ए गॅस पेट घेणारा आहे. अशा फ्रीजमध्ये बर्फाचा थर अर्धा सेंटिमीटर झाला की डीफ्रॉस्टचे बटण दाबावे.

बर्फ फारच लवकर साचत असेल तर दारात दहाची नोट धरून दार लावावे. नोट सहज ओढली गेली तर रबर सैल आहे.

आमच्याकडे दुसऱ्या कारागिराने कव्हर काढून कोमट पाणी सोडले, नळीतून कढीपत्त्याची काडी निघाली. त्याने फक्त मजुरी घेतली. साड्या मात्र निम्म्या भावात काढाव्या लागल्या.