व्याख्यान ऐकायला का जायचं?

यूट्यूबवर सगळं मिळतं, मग सभागृहात कशाला जायचं? अर्नेस्ट शॅकल्टनचंच बघा. १९१५ साली अंटार्क्टिकाच्या बर्फात त्याचं ‘एन्ड्युरन्स’ जहाज बुडालं. जहाजावरचे २८ही जण वाचले, पण मोहिमेचं कर्ज डोक्यावर होतं. म्हणून १९१९-२० मध्ये लंडनच्या फिलहार्मोनिक हॉलमध्ये तो दिवसातून दोनदा व्याख्यान द्यायचा. सोबतीला फ्रँक हर्लीने टिपलेला मूकपट. म्हणजे आपलंच जहाज मोडताना रोज दोनदा बघायचं!

तो मूकपट आपल्याला आजही बघता येतो. पडद्याशेजारी उभा असलेला माणूस मात्र त्या प्रेक्षकांनाच भेटला. म्हणून कुणी प्रवासी, लेखक, गिर्यारोहक गावात आला की जायचं, शेवटपर्यंत बसायचं आणि एक तरी प्रश्न विचारायचा. व्हिडिओ उलट उत्तर देत नाही.