पाठवणाऱ्याचा पत्ता कोण लिहितो?

मळवली स्टेशनवर उतरून कार्ल्याच्या लेण्यांत गेलात, तर चैत्यगृहाच्या खांबांवर ब्राह्मी अक्षरांत दात्यांची नावं कोरलेली दिसतील. त्यांतले पुष्कळ जण धेनुकाकट गावचे, काही तर यवन. दात्यानं जे नाव-गाव सांगितलं, तेच आज आपण मानतो. इंटरनेटवरून येणाऱ्या संदेशाचंही असंच आहे, हे मात्र फार जणांना ठाऊक नसतं.

आपण ई-मेल पाठवतो तेव्हा मजकुराचे लहान तुकडे होतात. एकेका तुकड्याला पॅकेट म्हणतात. त्याच्या कपाळावर दोन पत्ते असतात : कुठे जायचं आणि कुठून आलं. हे पत्ते आपण लिहीत नाही. युनिक्स, लिनक्ससारख्या प्रणालींत ते काम तिचा गाभा, म्हणजे कर्नल, करतो. पोस्टातला प्रामाणिक कारकूनच म्हणा ना!

पण या कारकुनाला बाजूला सारून पाकीट स्वतःच्या हातानं भरायची सोयही तिथं आहे. तिला 'रॉ सॉकेट' म्हणतात. घरातल्या किंवा कचेरीतल्या नेटवर्कवर तर अगदी तळापासून लिहिता येतं : पहिले ६ बाइट घेणाऱ्या कार्डाचा पत्ता, पुढचे ६ पाठवणाऱ्याचा, २ बाइटांत मजकुराचा प्रकार आणि मग साधारण १५०० बाइटांपर्यंत मजकूर. नेटवर्क कार्ड सहसा वाचत बसत नाही. हाती आलं ते तारेवर सोडून देतं.

ही सोय वाईट हेतूनं केलेली नाही. पलीकडचं यंत्र जागं आहे का, अशी हाक मारणारा 'पिंग' हा चिमुकला प्रोग्राम माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला, तो याच वाटेनं गेला.

गोम वेगळीच आहे. पाठवणाऱ्याच्या रकान्यात दुसऱ्याच कुणाचा पत्ता घातला, तरी पॅकेट निघतं आणि उत्तर त्या बिचाऱ्याच्या दारात पडतं. लहानशा प्रश्नाला भलंमोठं उत्तर देणारी यंत्रं हजारोंनी आहेत. त्यांना असे प्रश्न विचारत सुटलं की निरपराध माणसाची लाइन तुंबते. लोंढे आणण्याच्या अनेक तऱ्हांपैकी ही एक. जुलै २०१६ मध्ये मुंबईतल्या इंटरनेट कंपन्यांवर असाच लोंढ्यांचा हल्ला झाला आणि प्रकरण पोलिसांत गेलं.

म्हणून रॉ सॉकेटची परवानगी एरवी फक्त 'रूट'ला, म्हणजे यंत्राच्या कारभाऱ्याला असते. पण स्वतःच्या संगणकाचे कारभारी आपणच की! तेव्हा खरी तपासणी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या दारातच व्हायला हवी. आपल्या ग्राहकाला दिलेला नाही असा पत्ता लावलेलं पॅकेट बाहेर जाऊ देऊ नये, ही शिफारस मे २००० मध्येच लिहून झाली आहे. मळवलीला गाडीत चढलेला माणूस मळवलीलाच ओळखता येतो, शिवाजीनगरच्या गर्दीत नाही. तरी जगातल्या सगळ्याच कंपन्या एवढी तसदी घेत नाहीत. खर्च त्यांचा आणि वाचतो तो दुसऱ्याचा ग्राहक.